चांदण्या पुसायच्या की रूपांतरक दुरुस्त करायचा?

तापीकाठ:
जळगावात ठिबकचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माहितीपुस्तिका मी करतो. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत खुणा घालून (दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे म्हणजे ठळक), लिहायचा आणि ओपन सोर्स रूपांतरकातून वेबपान नि वर्डची फाइल काढायची, अशी पद्धत. रूपांतरक कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या नेमक्या ठरवलेल्या, नियमांनी चालतो.

नळ्या साफ करायच्या आम्ल प्रक्रियेचं प्रकरण नुकतंच छापलं. त्यात ठळक हवीच अशी एक ओळ होती, कारण उलटं केलं तर आम्ल अंगावर उडतं. मी लिहिलं, \*\*‘पाण्यात आम्ल’\*\*च ओतावे. छापून आले चारही तारे, ठळक काहीच नाही. रावेरहून एका शेतकऱ्याचा फोन: “भाऊ, या चांदण्या कशाच्या? खाली टीप दिलीय का?” त्याच पानावर १., २., ३. अशा सात पायऱ्या होत्या, त्यांचा एकच सलग परिच्छेद झाला.

ऑफिसात म्हणतात, निघालेल्या फाइलवर एक स्क्रिप्ट फिरव आणि तारे पूस. माझं मत, दुरुस्ती रूपांतरकातच व्हावी. तुम्ही काय कराल?

भुसावळ जंक्शन:
यात बग कुठाय? नियमच तसा आहे. ठळक भाग बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्यानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच लागतं. तुमचा ‘च’ थेट चिकटलाय. अवतरणं ताऱ्यांच्या बाहेर काढा, ‘\*\*पाण्यात आम्ल\*\*’च असं. दोन मिनिटांचं काम.

आकड्यांचंही तसंच. क्रमयादीला इंग्रजी अंकच चालतात. मूळ मजकुरात ते लिहा आणि वेबपानाच्या स्टाइलशीटमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलीत) देवनागरी क्रमांकन मागा, ती सोय आहे.

२००४ मध्ये जॉन ग्रुबरने मार्कडाउन काढलं, तेव्हा बारीकसारीक नियम ठरलेले नव्हते. जो तो रूपांतरक आपापला अर्थ लावायचा. २०१४ मध्ये कॉमनमार्क आलं ते तो घोळ मिटवायला. आता तुम्ही एकाच साधनात मराठीसाठी वेगळं वागवलंत, तर तीच फाइल दुसरीकडे वेगळी दिसणार. घोळ परत तिथेच.

तापीकाठ:
दोन मिनिटं माझी हो. मजकूर शेतकी शिकलेली पोरं लिहितात, त्यांना विरामचिन्हाच्या कुठल्या बाजूला तारा हे शिकवत बसू? इंग्रजीत अवतरणाला प्रत्यय चिकटत नाही, म्हणून नियम लिहिताना कुणाला ते खुपलं नसेल. आपल्याकडे ला, ने, चा, वर, च, सगळे चिकटतात. चिनी-जपानी लिहिणाऱ्यांचीही हीच तक्रार आहे, त्यांच्या शब्दांमध्ये तर मोकळी जागाच नसते.

केळीबाग:
स्क्रिप्टच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. आमच्याकडे एकाने तारे पुसणारी स्क्रिप्ट चालवली. केळीच्या लागवडीचं अंतर १.५\*१.५ मीटर लिहिलेलं, ते १.५१.५ मीटर झालं. आणि ते तसंच छापून गेलं.

शेवभाजी:
काय भो, वर्डच्या फाइलचं कुणीच बोलेना! डॉकएक्स म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइली, खुणा घातलेला साधा मजकूरच. उघडून बघा. ठळकपणाच्या खुणा दोन असतात, रोमन मजकुराला ‘बी’ आणि देवनागरी, अरबीसारख्या लिपींना ‘बीसीएस’. रूपांतरक पहिलीच लिहीत असेल तर ‘वर्ड’ हा शब्द रोमनमध्ये ठळक दिसेल आणि शेजारचं मराठी बारीकच राहील. अक्षराच्या आकाराचंही असंच, मराठीसाठी वेगळी खूण.

तापीकाठ:
आत्ता उघडून पाहिलं. फक्त ‘बी’! मी इतके दिवस फाँटला शिव्या देत होतो.

भुसावळ जंक्शन:
हा मात्र बग. दुरुस्ती पाठवा, सोबत चाचणी जोडा: एक ओळ मार्कडाउन आणि तिचं अपेक्षित एक्सएमएल. अख्खी पुस्तिका डकवू नका, कोणी वाचत नाही.

ताऱ्यांवर माझं मत तेच. नियम बदलायचा तर कॉमनमार्ककडे मांडा, एका रूपांतरकात गुपचूप नको. ज्यांनी आजच्या नियमावर भरवसा ठेवून हजारो पानं लिहिलीत, त्यांची पानं तुमच्या ‘च’पायी का बिघडावीत?

तापीकाठ:
गुपचूप नको, मान्य. मूळ ठिकाणीच मांडतो, उदाहरणं मराठीतली देतो. पण त्याला बग म्हणू नका हे पटत नाही. नियम पाळून पान चुकीचं निघत असेल तर चूक नियमाची.

भुसावळ जंक्शन:
मग बगची नोंद नियमावर करा, साधनावर नको. एवढंच म्हणतोय मी पहिल्यापासून.

शेवभाजी:
ते असू द्या. रावेरच्या त्या भाऊला परत फोन केला का?

तापीकाठ:
केला. त्याने आम्ल अजून आणलंच नव्हतं. उरलेल्या प्रतींवर आता लाल पेनाने ती ओळ अधोरेखित करतोय, एकेक.