एमएनसीवर कोर्टकेसेस आणि चौकशा चालू आहेत, व्हेंडर अॅग्रीमेंटवर सही करू काय नको?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे, बाबांनी चालू केलेली, ग्रे आयर्न आणि एसजी असं दोन्ही जातीचं बीड ओततो. आजवर गिऱ्हाईक सगळं जवळपासचं, कोल्हापूर-हुबळीचे पंपवाले नि ट्रॅक्टरवाले, फोनवर ऑर्डर आणि महिनाअखेर चेक. आता एका युरोपियन कंपनीच्या पुण्यातल्या युनिटकडनं व्हॉल्व्ह बॉडीचं काम येतंय, सॅम्पल पास झालं, ऑडिटवाले शेड बघून गेले, अॅग्रीमेंट सहीला आलंय आणि इथंच गाडी अडकलीय. आतेभावाने कंपनीचा अॅन्युअल रिपोर्ट काढून दाखवला, त्यात मागच्या बाजूला केसेसचीच पानंच्या पानं, एका देशात लाचेची चौकशी, दुसरीकडे कार्टेल म्हणजे कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याची, टॅक्सचं भांडण वेगळंच. बाबा म्हणालेत असल्या लफड्यातल्या लोकांच्या वाटेला जाऊ नको, बँकवाला म्हणालाय एवढं मोठं नाव आहे, लिमिट वाढवून देतो, घे. पॅटर्नचा, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्याचा, खर्च आमच्या अंगावर आहे म्हणून भीती वाटालीय. आणि अॅग्रीमेंट नीट वाचून देणारा वकील बेळगावात कोण असेल तर तेही सांगा.

मच्छे_मोल्डर
घे की गा. केस नसलेली मोठी कंपनी एक दाखव मला. माझ्यासारख्यावर पण दोन आहेत, एक जीएसटीची आणि एक शेजारच्या कंपाउंडची.

खानापूरची_ताई
मी पुण्यात बरीच वर्षं सोर्सिंगमध्ये, म्हणजे कंपनीसाठी व्हेंडर शोधायच्या कामात, काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रिपोर्टात केसेस छापल्यात याला घाबरू नको, लिस्टेड कंपनीला ते सांगावंच लागतं, आपल्याकडे कंटिंजंट लायबिलिटीच्या (पुढं कदाचित भरावं लागेल अशा देण्याच्या) नोटमध्ये येतं आणि अमेरिकेत १०-के नावाच्या वार्षिक रिपोर्टात लीगल प्रोसीडिंग्ज म्हणून वेगळा भागच असतो. किती केसेस आहेत ते मोजत बसू नको, कसल्या आहेत ते बघ.

लाचेची केस बहुतेक वेळा दंड भरून मिटते आणि कंपनी चालू राहते. सीमेन्सवर २००६ मध्ये म्युनिकला धाडी पडल्या, २००८ च्या डिसेंबरात अमेरिका आणि जर्मनी मिळून साधारण १.६ अब्ज डॉलर भरले, वरचे साहेब बदलले आणि जर्मनीचे माजी अर्थमंत्री थिओ वायगेल यांना लक्ष ठेवायला बसवलं. एबीबीचं दक्षिण आफ्रिकेतल्या कुसिले वीज प्रकल्पाचं प्रकरण २०२२ मध्ये ३१.५ कोटी डॉलरच्या वर जाऊन मिटलं. एअरबसने २०२० मध्ये फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका मिळून ३.६ अब्ज युरो भरायचं मान्य केलं, आणि आपल्या हत्तरगीच्या सेझमधनं एअरबसचं काम होतंच आहे की. कमिन्सला तर इंजिनाच्या धुराच्या प्रकरणात अमेरिकेत १.६७५ अब्ज डॉलर दिवाणी दंड झाला, तिथल्या क्लीन एअर कायद्याखालचा सगळ्यात मोठा, तरी पुणे-फलटणचे प्लांट बंद पडले नाहीत.

भीती बाळगायची ती प्रॉडक्टच्या दोषाच्या केसची. टकाटा एअरबॅगवाली बघ, २०१७ च्या जानेवारीत एक अब्ज डॉलर भरायला तयार झाली आणि जूनमध्ये दिवाळखोरीत गेली, कारण दंड एकदाच असतो पण रिकॉल आणि नुकसानभरपाई थांबतच नाही. तुझ्या रिपोर्टात तसलं काही आहे काय, आणि ते तू देणार त्याच लाईनमध्ये आहे काय, तेवढं आतेभावाला शोधायला सांग.

निपाणीकर
ताईंचं बरोबर आहे पण एक राहिलं. एवढाले दंड भरून झाले की वसुली कुणाकडनं? दरवर्षी कॉस्ट डाऊनचं, म्हणजे दर कमी करा म्हणून, पत्र येतंय ना आपल्याला, तिथनं.

खानापूरची_ताई
कॉस्ट डाऊन दंड नसला तरी मागतातच हो दादा 🙂 पण कार्टेलमध्ये मजा उलटी असते. युरोपियन कमिशनने २०१४ मध्ये बेअरिंगवाल्यांना ९५.३ कोटी युरो दंड लावला, एसकेएफ, शेफलर आणि जपानी कंपन्या, त्यात जेटेक्टने आधी जाऊन स्वतःच सांगितलं म्हणून त्यांना पूर्ण माफी. हे सगळे मिळून गाडीवाल्यांना भाव चढवून लावत होते. आपल्या कॉम्पिटिशन कमिशननेही २०२० मध्ये इथल्या बेअरिंगवाल्यांवर ठपका ठेवला, फक्त दंड न लावता पुन्हा करू नका म्हणून सोडलं.

हीट_नंबर
फाउंड्रीवाल्याने वाचायची केस ब्रॅडकेनची आहे, ती कुणी सांगितलीच नाही. अमेरिकेत टॅकोमाला त्यांची स्टील फाउंड्री, मालकी नंतर जपानच्या हिताची कन्स्ट्रक्शन मशिनरीकडे गेली. नेव्हीच्या पाणबुड्यांची कास्टिंग तिथं ओतायचे. तिथल्या मेटलर्जीच्या प्रमुख बाई टेन्साईल आणि इम्पॅक्टच्या (ताण आणि आघात सोसायच्या) टेस्टचे आकडे कागदावर बदलून फेलचं पास करायच्या, आणि हे ३० वर्षांच्या वर चाललं, २४० च्या आसपास हीट, म्हणजे भट्टीतनं एका वेळी ओतलेले लॉट, अशा निघाल्या. एक टेस्ट उणे १०० फॅरनहाईटला, म्हणजे आपल्या हिशेबात उणे ७३ सेल्सिअसला करायची होती, बाईंना ती अटच मूर्खपणाची वाटायची. २०२० मध्ये कंपनीने १ कोटी ९ लाख डॉलर भरले, २०२२ मध्ये बाईंना अडीच वर्षांची शिक्षा झाली. कोबे स्टीलचंही २०१७ मध्ये तेच, अॅल्युमिनियम-तांब्याच्या मालाचे आकडे बदललेले.

आता आपल्याकडं काय चालतंय ते मला शिकवू नका. टेस्ट बार (चाचणीचा तुकडा) वेगळा ओतायचा, चांगल्या लॅडलमधनं, आणि त्याचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) सगळ्या लॉटला लावायचं. धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रो बंद पडला तर मागच्या हीटचा रिपोर्ट तारीख बदलून. पंपवाल्याने आजवर विचारलं नाही म्हणून चाललं. चौकशी झालेली कंपनी विचारणार, कारण तिला स्वतःला विचारलं गेलंय. हीट नंबर कास्टिंगवर उठावात पाहिजे, टेस्ट बार त्याच हीटचा पाहिजे, टेस्टमध्ये तुटलेले तुकडे नाव लावून ठेवायचे. हे जमत असेल तर सही कर, नसेल तर बाबांचं ऐक.

मच्छे_मोल्डर
काकांनी सगळ्या उद्यमबागेची झोप उडवली 😅

सीए_टिळकवाडी
पैशाचं मी सांगतो. सही करायच्या आधी उद्यम रजिस्ट्रेशन (एमएसएमईची सरकारी नोंदणी) झालेलं पाहिजे, नंतर काढलेलं जुन्या व्यवहाराला उपयोगी पडत नाही. मायक्रो किंवा स्मॉल असाल तर एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पेमेंट, उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम आल्यापासून वेळेत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाईकाला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून विचारतात तुमचा उद्यम नंबर काय. पेमेंट टर्म काय आणि आर्बिट्रेशन, म्हणजे भांडण झालं तर लवाद, कुठं लिहिलंय?

उद्यमबागकर
सीए सर, रजिस्ट्रेशन आहे, स्मॉलमध्ये. टर्म ९० दिवस लिहिलीय. आर्बिट्रेशन सिंगापूर. वर इन्डेम्निटी, म्हणजे त्यांचं नुकसान आम्ही भरून द्यायची अट, आहे ती किती रकमेपर्यंत ते लिहिलेलंच नाही, आणि त्यांचे ऑडिटर कधीही येऊन आमची खाती बघू शकतात म्हणे. काका, हीट नंबर आम्ही टाकतो, पण तुकडे ठेवत नव्हतो, आता रॅक करून घेतो.

सीए_टिळकवाडी
पुण्याच्या युनिटबरोबर करार आहे, म्हणजे दोन्ही पार्ट्या इथल्याच, मग सिंगापूर कशाला? पुणे किंवा बेंगळूर मागा. आणि थकीत पैशासाठी एमएसएमई कायद्यातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, करारात आर्बिट्रेशन असलं तरी, सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या महाकाली फूड्सच्या निकालात तसं म्हटलंय. इन्डेम्निटीला एका वर्षाच्या पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) रकमेची मर्यादा घाला. खाती बघायची असतील तर त्यांच्या मालापुरती, आणि आधी नोटीस देऊन. वकिलाचं नाव व्यनि करतो, फॅमिली मॅटरवाला धरू नका, कॉन्ट्रॅक्ट वाचणारा धरा.

निपाणीकर
आणि दिवाळीला पर्चेसवाल्याला कुंदा पाठवायचा नाही बरं का. आमच्या पाव्हण्याने पाठवला होता, बॉक्स जसाच्या तसा परत, सोबत पत्र, कंप्लायन्स डिपार्टमेंटचं. बिचारा आठवडाभर खात बसला घरी.

खानापूरची_ताई
कुंद्याचं हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेच्या एफसीपीएत (परदेशातल्या लाचेविरुद्धच्या कायद्यात) कंपनीच्या वतीने तिसऱ्याने दिलेली लाचही कंपनीच्या गळ्यात येऊ शकते, अल्स्टॉमला २०१४ मध्ये ७७.२ कोटी डॉलर पडले त्यात कन्सल्टंटमार्फत दिलेले पैसे होते. म्हणून त्यांच्या कामापायी तुम्ही कुठल्या इन्स्पेक्टरला चहापाणी केलं तर ते त्यांना चालणार नाही, कोड ऑफ कंडक्टमध्ये ते असणारच, सही करायच्या आधी तेवढं पान तरी बाबांना वाचून दाखव.

उद्यमबागकर
दाखवलं. बाबा म्हणाले हे तर आपण तसंही करत नाही, मग आईनं नुसतं बघितलं त्यांच्याकडं. सोमवारी पर्चेसला मेल टाकतोय, ४५ दिवस, पुणे, आणि इन्डेम्निटीची मर्यादा. ऐकलं नाही तर?

मच्छे_मोल्डर
सॅम्पल पास झाल्यावर नवा व्हेंडर शोधायला त्यांनाही जड जातंय, ऐकतील. मेलमध्ये पॅटर्नचं पण घाल गा. शेड्यूल मधेच बंद केलं तर पॅटर्नची उरलेली किंमत त्यांनी द्यायची, आणि ती महिन्यावर नको, नगावर धर.