१५ वर्षं उलटली तरी वाट बंद नाही

कुणी लिहिलंय की अमेरिकी सैन्यातून ‘अदर दॅन ऑनरेबल’ (म्हणजे सन्मानानं निवृत्त नाही, असा) शेरा घेऊन बाहेर पडलेल्याला तो बदलून घेण्यासाठी १५ वर्षांनंतर काहीच करता येत नाही. तसं नाही. ती मुदत डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाची, म्हणजे असा शेरा पुन्हा तपासणाऱ्या मंडळाकडे करायच्या फॉर्म २९३ची. नंतर फॉर्म १४९ भरून रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जाता येतं. तिथे चूक कळल्यापासून ३ वर्षांची अट आहे, पण न्यायाच्या दृष्टीनं बोर्ड ती शिथिल करू शकतं.

मात्र नुसता फॉर्म भरून पाठवू नका, अगदी कळकळीनं सांगतोय. व्हिएतनामहून परतलेल्या कितीतरी जणांना पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) होता आणि त्या आजाराला मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली १९८० साली! तोवर त्यांच्या माथी ‘बेशिस्त’ हाच शिक्का. २०१४मध्ये संरक्षणमंत्री हेगल यांनी आणि पुढे २०१७च्या कुर्टा मेमोनं (त्याच खात्याच्या लेखी सूचनेनं) अशा अर्जांकडे उदारपणे पाहायला सांगितलं. त्याचा लाभ हवा तर आजार आणि गैरवर्तन यांचा संबंध कागदावर दाखवावा लागतो: डॉक्टरांचं मत, सोबतच्या सैनिकांची पत्रं, सर्व्हिस रेकॉर्ड. वकील लागतो तो इथे. येल आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलमधली क्लिनिक्स (कायदेशीर मदत केंद्रं) हे काम विनामूल्य करतात. सगळ्याच केसेस घेत नाहीत, तरी विचारा. तोवर सेंट लुईसच्या सरकारी अभिलेख केंद्रातून आपलं सर्व्हिस रेकॉर्ड मागवून ठेवा.