शीर, शिरा की थर? कोलारच्या सोन्याबद्दल

प्रश्न : कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींवर मराठीत लिहायला घेतलंय. ‘क्वार्ट्झ व्हेन’ला काय म्हणावं? बातम्यांत ‘सोन्याचा थर’ दिसतं, भूशास्त्राच्या लेखनात ‘शिरा’. त्यातच ‘लोड’ आणि ‘रीफ’ हेही येतात. आणि क्वार्ट्झला सरळ गारगोटी म्हटलं तर?

प्रतिसाद : ‘थर’ कृपया नको. थर एकावर एक साचतो : गाळाचा, मातीचा, कोळशाचा. कोलारचं सोनं तसं साचलेलं नाही. तिथला यजमान खडक (सोनं ज्यात सापडतं तो) अँफिबोलाइट, म्हणजे अडीच अब्ज वर्षांहूनही जुन्या लाव्ह्याचं उष्णतेने आणि दाबाने झालेलं रूपांतर. हा खडक तडकला आणि भेगांमधून खोलवरचं तापलेलं पाणी वर चढलं. त्यात सिलिका (जिचं क्वार्ट्झ बनतं) विरघळलेली होती आणि गंधकाशी जोडलेलं किंचित सोनंही. वर येताना दाब उतरला, भोवतालच्या खडकातल्या लोहाने गंधक ओढून घेतलं, सोन्याला पाण्यात राहायला आधार उरला नाही. ते सिलिकेबरोबर भेगेतच बसलं. भेग पुन्हा फाटायची, पुन्हा भरायची. अशा फेऱ्या झाल्या की क्वार्ट्झमध्ये पट्टे दिसतात. ते थर वाटतात, पण आहेत भेगेच्या भरणीच्या खुणा.

म्हणून ‘शीर’. मी एकवचनी शीर, अनेकवचनी शिरा असं लिहिते. ‘एक शिरा’ संस्कृतप्रमाणे चुकीचं नाही, पण कानाला खटकतं. मात्र लेखात एक खुलासा हवाच. शीर म्हटलं की नळी डोळ्यांपुढे येते, आणि ही शीर दोन भिंतींमधल्या फटीत ओतलेल्या चुन्यासारखी पसरट असते. जमिनीवर दिसते ती फक्त तिची कड. कोलारची मुख्य शीर दक्षिणोत्तर धावते आणि पश्चिमेकडे तिरकी खाली उतरते. हे कळल्याशिवाय तिथली माणसं ३ किलोमीटरपेक्षा खोल का गेली, हे वाचकाला उमगणार नाही. शीर खाली जात राहिली, म्हणून खाणही. तळाशी खडक ६० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला, आणि दाबाखालचा दगड अचानक फुटून येण्याची धास्ती कायमची.

‘लोड’ म्हणजे खणायला परवडेल इतका धातू असलेली शीर. ‘रीफ’ हा सोन्याच्या खाणकामातला जुना शब्द, अर्थ जवळजवळ तोच. ‘चॅम्पियन रीफ’ हे खाणीचं नाव आहे, तसंच ठेवा. त्याचं ‘प्रवाळ’ मुळीच करू नका.

इतिहासात एक गोष्ट जरूर घ्या. १८८० च्या दशकात ब्रिटिश कंपन्यांचं भांडवल आटत आलं होतं, तेव्हा जुन्या देशी खोदकामांच्या खाली खणल्यावर ही शीर सापडली. आधीच्या खाणकऱ्यांनी तिचा माग काढलाच होता. ते श्रेय मराठी लेखांत क्वचितच मिळतं, तुम्ही द्या.

दुसरा प्रतिसाद : गारगोटीबद्दल. आपल्याकडे गारगोटी म्हणजे हातात मावणारा सुटा दगड. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्या नंतर सिलिकेने भरल्या, बऱ्याच गारगोट्या तिथल्या. खनिज तेच, पण घडण वेगळी, म्हणून कोलारच्या शिरेला हा शब्द लावला तर मराठी वाचकाची फसगत होईल. ‘गारेची शीर’ चालेल, किंवा सरळ ‘क्वार्ट्झची शीर’.

प्रश्नकर्ता : आभार. मग ‘ओअर’ला, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या दगडाला?

पहिला प्रतिसाद देणारी : ‘धातुक’. ‘कच्चं सोनं’ नको, कारण क्वार्ट्झमधलं सोनं धातूरूपातच असतं, फक्त दगडात इतकं विखुरलेलं की दळल्याशिवाय हाती लागत नाही. सुमारे १२० वर्षांत कोलारने जवळपास ८०० टन सोनं दिलं. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या, पण सायनाइडने सोनं काढून उरलेल्या भुकटीचे डोंगर गावालगत अजून आहेत. त्यांना ‘मातीचे ढिगारे’ म्हणू नका. ‘दळलेल्या धातुकाचा गाळ’ लिहा, म्हणजे तिथल्या लोकांच्या श्वासात काय जातं तेही कळेल.