शाळेच्या पेजवर पोरांचे फोटो टाकताना आईबापाला विचारायचं की नाही?

खानापूरचे_सर
प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या सरकारी कलास्पर्धेत, आमच्या पोरींनी लोकनृत्यात पहिला नंबर काढला, म्हणून व्हिडिओ आणि सर्टिफिकेट हातात धरलेले फोटो शाळेच्या फेसबुक पेजवर आणि इन्स्टावर टाकले. गावभर कौतुक झालं. आणि दोन पालक हेडमास्तरांकडं आले, काढून टाका म्हणून. पोरी नाचल्यात, चोरी केली नाही कुणी. बेळगावकडच्या मराठी शाळांचा पट दरवर्षी घसरतोय, इंग्लिश मीडियमची बस दारातनं पोरं उचलून नेते, आणि आम्ही चार चांगल्या गोष्टी दाखवायच्या पण नाहीत? असल्या पालकांमुळंच आपल्या शाळा मागं राहिल्यात.

मागवाल्यांची_सून
सर, मी तुमच्या शाळेची पालक नव्हे, पण "असल्या पालकांत" मला धरा. गेल्या वर्षी मी पण आमच्या शाळेत हेच सांगायला गेले होते आणि मला पण हेच ऐकवलं होतं, म्हणून एवढं लांब लिहितेय.

पोरगी आठवीत. फोटोत सर्टिफिकेट छातीशी धरून उभी. तो फोटो बोटांनी मोठा करून बघा की एकदा, तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, इयत्ता, शाळा, तालुका, सगळं स्वच्छ वाचता येतंय. युनिफॉर्मवर बिल्ला. खाली लिहिलेल्या ओळीत परत नाव. पेज सगळ्या जगाला उघडं. वर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्तरेक पालक, प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि माझ्या डीपीला तिचाच फोटो. चौथ्या दिवशी मी घरात कांड्या भरत बसलेली, माग चालू असला की फोन ऐकायला येत नाही, लाइट गेली म्हणून माग थांबला आणि बघते तर एकाच अनोळखी नंबरचे सात मिस कॉल, आणि खाली मेसेज, तिचं पूर्ण नाव घालून, "डान्स लई भारी करते, बोलायला दे". घरात तिला आम्ही वेगळ्याच नावानं हाक मारतो. हे नाव सर्टिफिकेटवरचं. माझे हात थरथरायला लागले, कांडी कुठं पडली ते पण कळलं नाही.

शाळेत गेले तर म्हणाले, बाई, मेसेजच आलाय ना, ब्लॉक करा. फोटो निघायला नऊ दिवस लागले. तोवर पोरगी एकटी ट्यूशनला जायला तयार नाही, आणि नाच तर तिनं सोडलाच. यंदा नाव पण दिलं नाही.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. तिचं विज्ञान मोबाईलवर बघूनच सुधारलंय. पण चेहरा, नाव आणि शाळा ह्या तीन गोष्टी एकत्र बाहेर टाकू नका, आणि टाकायच्या आधी विचारा. एवढंच मागणं आहे, ह्यात शाळा मागं कशी राहते ते मला समजावून सांगा.

टिळकवाडीचे_आजोबा
मूळ रोग मोबाईलच आहे. शाळेत मोबाईल हवा कशाला? आमच्या वेळी गुरुजींच्या हातात खडू असायचा. परवा नातवाला आणायला गेलो तर बाई व्हरांड्यात पोरांना रांगेत उभं करून रील करत होत्या, तीन वेळा परत परत, नीट येईना म्हणून. उन्हात पोरं. शिकवायचं कधी?

कणकुंबी_घाटावरून
आजोबा, रागावू नका, पण हे टिळकवाडीत बसून म्हणायला सोपं आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मी इकडं जंगलातल्या शाळेत होतो. सरकारनं आधी लहान वर्गांचे ऑनलाइन क्लास बंद केले, जुलैत हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली, ऑगस्टात विद्यागम आलं, म्हणजे पोरांना गावातच जमवून शिकवायची योजना, ऑक्टोबरात तेही थांबलं. आम्ही मात्र जांबोटीच्या अलीकडं एका फणसाच्या झाडाखाली पोरांना जमवायचो, कारण नेटवर्कच्या दोन काड्या तिथंच यायच्या. पावसात वर प्लास्टिकचा कागद धरायचा एकानं. फोन माझा, रिचार्ज माझा. त्या फोनवर धडा बघितलेली एक पोरगी आज नर्सिंगला आहे. मोबाईल नको म्हणणाऱ्यांनी ती दोन वर्षं आठवावीत.

आणि बाई रील करताना दिसल्या म्हणता, पण पोरांच्या जेवणाचे आकडे, हजेरी, एसएटीएस म्हणजे पोरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या दुरुस्त्या, सगळं आम्ही आमच्याच फोनवर भरतो, ते कुणाला दिसत नाही. शाळेला वेगळा फोन द्या, मग माझ्या फोनमधल्या गॅलरीत तुमच्या पोरांचे फोटो राहणार नाहीत. ह्याबद्दल कोण बोलत नाही.

निपाणीचा_कॉम्प्युटरवाला
मागवाल्यांच्या सूनबाई, तुमच्या बाबतीत नंबर ग्रुपमधूनच गेलाय असं दिसतंय. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, "फक्त ॲडमिन मेसेज करतील" असं सेटिंग केलं तरी दिसतात, इथंच लोक फसतात. त्याऐवजी कम्युनिटी करायची, तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त ॲडमिनला दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट पण चालते, पण ज्यांनी सरांचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. आणि सहावी-सातवीच्या पोरांना थेट ग्रुपमध्ये घेणं बंद करा, व्हॉट्सॲपची आणि इन्स्टाची स्वतःचीच अट १३ वर्षांची आहे. असा मेसेज आला तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. १९३० मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी, लोक दोन्हींत घोळ करतात.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पण १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते.

खानापूरचे_सर
कायदा मला पण वाचता येतो. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीच्या कलमाला त्यापुढं १८ महिन्यांची मुदत आहे. उगाच मास्तरला घाबरवू नका. आणि बाई, तुमच्या पोरीचं जे झालं ते वाईट झालं, पण तो एका नालायक माणसाचा दोष आहे, शाळेचा नव्हे. आम्ही तरी संमतीपत्र घेतलंय! ॲडमिशनच्या वेळी सगळ्या पालकांच्या सह्या आहेत.

उचगावची_लेक
कुठल्या भाषेत होतं ते संमतीपत्र?

खानापूरचे_सर
कन्नडमध्ये. वरून आलं तसं दिलं.

उचगावची_लेक
हे बघा! माझ्या सासूबाईंनी पण अशीच सही केलीय, अंगठ्याशेजारी नाव काढून. कशावर सही केली विचारलं तर म्हणाल्या, दुधाचं काहीतरी असेल. मराठी शाळा, मराठी पोरं, मराठी पालक, आणि कागद कन्नडमध्ये. ह्याला संमती म्हणायचं? १९५६ ला घटनेत कलम ३५०अ घातलंय, अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. तालुक्यात १५ टक्के लोक ज्या भाषेचे त्या भाषेत सरकारी कागद द्यायचे हे पण ठरलेलं आहे. खानापुरात मराठी १५ टक्के नाहीत होय?

चिकोडीचा_एक
झालं, आला सीमाप्रश्न. फोटोचं बोलता बोलता इथं कसं काय पोचता तुम्ही लोक? मी घरात मराठी बोलतो, शाळा कन्नड केली, दोन्हींत बोलतो, मला कधी अडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहता, कन्नड वाचायला काय होतंय?

उचगावची_लेक
मला येतं कन्नड वाचायला. सासूबाईंना येत नाही, आणि सही त्यांची घेतलीय. "शिका की" म्हणणं सोपं आहे हो, साठीच्या बाईनं शेतातनं येऊन नातीच्या फोटोसाठी अक्षरं गिरवायची? तुम्हाला अडलं नाही म्हणून कुणालाच अडत नाही?

चिकोडीचा_एक
मी म्हाताऱ्यांचं बोललो नाही. शब्द फिरवू नका.

येळ्ळूरचा_पोरगा
भाषेचा आणि सेफ्टीचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी माझं ऐका. मी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, मराठी मीडियममधून केली. पुस्तक कर्नाटकाचं, पण यूट्यूबवर मराठीत शोधलं की येतं सगळं महाराष्ट्र बोर्डाचं. बालभारतीचे धडे वेगळे, क्रम वेगळा, समाज विज्ञान तर पूर्णच वेगळं. मग पोरगं काय करतं, एकावरून दुसरा व्हिडिओ, दुसऱ्यावरून शॉर्ट्स, आणि अर्ध्या तासानं ते कुठं असतं ते त्याच्या आईला पण सांगवत नाही. माझा भाऊ "त्रिकोणमिती" शोधत शोधत पैसे लावायच्या गेमच्या जाहिरातीत अडकला, आईच्या खात्यातले अकराशे गेले. शिक्षकांनीच आमच्या पुस्तकाप्रमाणे मराठीत दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ करून शाळेच्या पेन ड्राइव्हवर दिले असते तर तो तिकडं गेलाच नसता. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरनं सरकारचं दीक्षा ॲप उघडतं ते बरं आहे, तिथं शॉर्ट्स नाहीत. पण आमच्या मीडियमचं तिथं किती सापडतंय ते एकदा स्वतः उघडून बघा.

कणकुंबी_घाटावरून
हे मात्र शंभर टक्के. मी भूमितीचे चार व्हिडिओ केलेत, फक्त फळा आणि माझा हात, पोरं नाहीत त्यात. ज्याला हवेत त्यानं घ्या. खानापूरच्या सरांना सांगायचंय, पेजवर हे टाका, शाळा कशी शिकवते ते लोकांना दिसेल.

टिळकवाडीचे_आजोबा
फळा आणि हात हे मला पटलं. रील अजून पटलेलं नाही.

खानापूरचे_सर
सगळे मिळून एकट्यावर तुटून पडलाय. तुम्हाला काय माहीत, आमच्या शाळेत पहिलीला यंदा सात पोरं आलीत. सात! त्यातली तीन ते पेज बघून आली, आईबापांनी स्वतः सांगितलं. पट आणखी घसरला तर शाळा शेजारच्या शाळेत विलीन करतील, मग तुमचं मराठी आणि तुमचं ३५०अ कुठं घेऊन बसणार? मी पेज हौसेनं चालवत नाही, रात्री अकराला घरची भाकरी गार होते तेव्हा मी व्हिडिओ कापत बसलेला असतो.

मागवाल्यांची_सून
सर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? सात पोरं म्हणजे काय ते मला कळतं, आमच्या गल्लीतली शाळा पण अशीच बंद झाली. तुमची धडपड खोटी आहे असं मी म्हणालेच नव्हते. पण ज्या तीन आईबापांनी पेज बघून पोरं घातली, त्यांना एकदा माझं सांगा आणि विचारा, तुमच्या पोरीचं नाव-गाव असं उघडं टाकू का म्हणून. नाच दाखवायचा तर लांबून घ्या, सगळा ग्रुप दिसेल असा, रंगीत लुगडी आणि फेर दिसला की झालं. सर्टिफिकेटचा फोटो आईबापाला वेगळा पाठवा, त्यांना हवा तर ते टाकतील. नाव लिहायचंच तर "आठवीच्या मुली" लिहा.

निपाणीचा_कॉम्प्युटरवाला
आणि पेजचा पासवर्ड एकट्या सरांकडं नको, हेडमास्तर आणि एसडीएमसीतल्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीतल्या, एका पालकाला पण ॲडमिन करा. बदली झाली की पेज बेवारस पडतं आणि जुने फोटो तसेच राहतात. मी अशी दोन पेजं बघितलीत, सर कधीच दुसऱ्या तालुक्यात गेले, कमेंटमध्ये काय वाट्टेल ते लिहिलंय, काढणारं कोण नाही.

खानापूरचे_सर
सर्टिफिकेटचे फोटो आत्ता काढले. व्हिडिओ राहू दे, तो लांबूनच आहे, पण नावं काढली खालची. कन्नड संमतीपत्राचं म्हणाल तर मराठीत लिहायला मला कुणी अडवलेलं नाही हे खरं, पण सरकारी कागद बदलायची माझी हिंमत नाही.

उचगावची_लेक
बदलू नका, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठी छापा. फोटो चालेल, व्हिडिओ चालेल, काहीच चालणार नाही, अशा तीन चौकटी आणि खाली सही. मी लिहून देते. उद्या शनिवार, सकाळची शाळा, सुटायच्या वेळी येऊ का?

खानापूरचे_सर
या. झेरॉक्सचे पैसे मात्र तुमच्याकडं. आणि पेज मी बंद करणार नाही.

मागवाल्यांची_सून
बंद करा कोण म्हणालं? मला पण एक कॉपी पाठवा, आमच्या शाळेत देते. पोरीला दाखवली आत्ता, तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं तिनं.