वर्गात सगळ्यांचे लगेच एकमत होते, तेव्हा मुले काही शिकतात का?

खडूफळा यांचा प्रश्न

मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे चार खडे सोडले, पाण्याच्या पातळीशी मार्करने रेघ ओढली आणि बर्फ वितळल्यावर पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील, असे विचारले. वर्गात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने ‘वाढेल’ म्हणताच भराभर हात वर गेले. मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हात मात्र अर्ध्यातच थांबला होता. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला वाटतं तेवढीच राहील, पण सगळे म्हणतायत म्हणजे वाढत असेल.”

बर्फ वितळला, पाणी रेघेवरच राहिले, मुलांनी ‘पातळी तेवढीच राहते’ असे वहीत उतरवून घेतले आणि तास संपला. चुकीच्या उत्तरावर ज्या सहजतेने एकमत झाले होते, त्याच सहजतेने ते बरोबर उत्तरावरही झाले, आणि मला खटकते आहे ते हेच. मतभेद मुद्दाम घडवून आणावेत, तर तासाचे भांडण होते. न घडवावेत, तर मुले माना डोलावतात. आपण काय कराल?

पूर्वपक्ष यांचे उत्तर

ताई, भांडण आणि वाद हे दोन निराळे प्रकार आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी स्पष्ट केलेली आहे. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात दोन्ही बाजू प्रमाण (म्हणजे खरेखोटे ठरवण्याचे साधन) आणि तर्क यांच्या आधाराने खरे काय ते शोधतात. जल्पात जिंकणे महत्त्वाचे असल्यामुळे शब्दच्छलही चालतो. आणि वितंडा करणारा स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा खोडून काढतो. (रोजच्या मराठीत आपण ‘वितंडवाद’ असा एकच शब्द करून टाकला, हे जरा गमतीचेच आहे.) वाद कोणाशी करावा याच्या यादीत गुरू, शिष्य आणि सहाध्यायी आहेत, म्हणजे ती वर्गाचीच यादी झाली. चरकसंहितेतही वैद्यांनी आपसांत करायच्या चर्चेचे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा, म्हणजे सलोख्याची आणि विरोधाची, असे दोन भेद केले आहेत.

यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की, वादाला बसण्यापूर्वी प्रमाण कशाला म्हणायचे यावर दोघांचे एकमत असावे लागते. तुमच्या वर्गात ती मार्करची रेघ हे प्रमाण होते. ती तुम्ही ओढलीत. मुलांना ओढायला लावली असती, तर निकाल मान्य करण्याची जबाबदारीही त्यांचीच झाली असती.

काळा पाषाण यांचे उत्तर

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. पण एवढ्याने भागत नाही, कारण चुकीच्या पक्षाचेही ज्ञानात योगदान असते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात असे मांडले. आज आपण त्यांच्या विरोधकांना हटवादी ठरवून मोकळे होतो, आणि ते मला अन्यायाचे वाटते. त्या विरोधकांपैकी ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांचा मुख्य आक्षेप असा होता की, वेगेनर सांगतात ती बले खंड हलवण्यास फारच अपुरी आहेत, आणि हा आक्षेप अगदी बरोबर होता. खंड सरकतात हे खरे निघाले. ते कसे सरकतात याचे वेगेनर यांचे स्पष्टीकरण मात्र टिकले नाही. नेमके काय शोधायचे राहिले आहे, हे त्या विरोधामुळेच ठरले.

पुढे या वादात आपल्या सह्याद्रीचा दगडही साक्षीला आला. लाव्हा थंड होताना त्यातली लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ही दिशा विषुववृत्तापाशी जवळजवळ आडवी असते आणि ध्रुवांकडे जावे तशी उभी होत जाते, त्यामुळे तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला याचा अंदाज बांधता येतो. 1950 च्या दशकात लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातील संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टचे असे मोजमाप केले, तेव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला तयार झाल्याचे दिसले. तेवढ्याने सगळे पटले असे नाही. समुद्रतळाचे पुरावे येईपर्यंत आणखी काही वर्षे गेली. तुमच्या वर्गातल्या ‘वाढेल’ म्हणणाऱ्यांनाही इतक्या चटकन सोडून देऊ नका. बर्फाचा वर आलेला भाग पाहूनच ते तसे म्हणाले असणार, आणि तो भाग तर खरोखर वर होता.

दुसरा बाक यांचे उत्तर

न्यायसूत्रे आणि सह्याद्री दोन्ही मान्य, पण त्या मुलीची अडचण तर्काची नव्हती, चारचौघांत एकटे पडण्याची होती. हात वर करायला लावूच नका. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर आणि कारण लिहावे, मग ज्याचे उत्तर वेगळे आहे अशा शेजाऱ्याशी बोलावे आणि पुन्हा लिहावे. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास असेच शिकवत आले. कोलोरॅडो विद्यापीठातील 2009 च्या एका अभ्यासात तर, गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेनंतर उत्तरे सुधारल्याचे आढळले होते.

खडूफळा

सर्वांचे आभार. काल चिठ्ठ्यांचा प्रयोग केला. पेला तोच ठेवला, फक्त पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातले, आणि रेघ त्या मागच्या बाकावरच्या मुलीला ओढायला सांगितली. वर्गाने पाठ केलेले ‘तेवढीच राहते’ बहुतेक चिठ्ठ्यांवर होते. ‘वाढेल’ असे लिहिणारे तिघेच. बर्फ वितळल्यावर पाणी रेघेच्या किंचित वर चढले होते. कडेला बाष्पाचे थेंब साचल्यामुळे रेघ नीट दिसत नाही, असा आक्षेप लगेच आला, तेव्हा एकाने पेला रुमालाने पुसला आणि पाचसहा जणांनी डोळे पातळीला आणून पाहिले. पहिल्या दिवशीचा तो हुशार मुलगा आता म्हणतो आहे की, आपण तेव्हाही अगदीच चुकलो नव्हतो. ती मुलगी त्याला विचारत होती, “मग साध्या पाण्यात का नाही वाढलं?” घंटा झाली तरी दोघे पेल्यापाशीच उभे होते.