आप्पांचा एनिमाचा डबा: खुंटीवर ठेवायचा की भंगारात द्यायचा?

वाड्यातली सून (यावल तालुका)

आमच्या न्हाणीत खुंटीला एनिमाचा डबा टांगलेला आहे. पांढऱ्या तामचिनीचा, निळ्या काठाचा, बुडाशी दोन ठिकाणी टवके उडालेले. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही तो तिथेच होता म्हणतात. रबरी नळी आणि काळी तोटी तेवढी अधूनमधून मेडिकलमधून नवी आणतो. आमच्या ह्यांच्या आणि दोन्ही दिरांच्या लहानपणचे निम्मे रविवार या डब्याने खाल्लेत, वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी तर हमखास. आता फक्त आप्पा वापरतात. माझे सासरे, वय ७६, दर तिसऱ्या दिवशी.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धाकटी जाऊ आली, माहेर नाशिकचं. तिच्या पाच महिन्यांच्या बाळाला चार दिवस शी झाली नव्हती. सासूबाईंनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाचे पाय वर धरले, तेवढ्यात जावेने बाळ उचलून घेतलं. मग गाडी डब्यावर घसरली. "हे जंगली प्रकार बंद करा, तो डबा भंगारात द्या." सणाची पुरणपोळी आम्ही मुक्याने खाल्ली.

माझं मत असं की बाळाच्या बाबतीत जाऊ बरोबर. पण मोठ्या माणसाने कोमट साध्या पाण्याचा एनिमा घरी घेतला तर काय बिघडलं? रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण फाकणाऱ्याला कोणी जंगली म्हणत नाही. चूर्णाची डबी उशाखाली असते म्हणून चालते, डबा खुंटीवर दिसतो म्हणून त्याची लाज. बोला.

सिस्टर, भुसावळ

ताई, चौदा वर्षं वॉर्डात काढलीत, एनिमा मीही शेकड्याने दिलेत. म्हणूनच सांगते, घरी नको. घोळ पाण्यात नसतो, कोणाला आणि कशासाठी देतोय त्यात असतो. पोरगं पोट धरून रडतंय म्हणून एनिमा दिला आणि निघालं अपेंडिक्स, तर सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. उलट्या होतायत, पोट फुगलंय, वारासुद्धा सरत नाही, म्हणजे आतडं अडलेलं असू शकतं. तिथे डब्याशी खेळत रात्र घालवायची नसते. आणि शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर "मूळव्याधच असेल" म्हणत बसू नका.

साबणाचं पाणी तर विचारू नका. अजून कपड्याच्या साबणाचा फेस करून देणारी घरं आहेत. त्याने आतड्याचं अस्तर पोळून सोलवटतं. एका आजीबाईंना तशा आणल्या होत्या, दोन दिवस त्या कुशीसुद्धा बदलू देत नव्हत्या.

मेडिकलमध्ये मिळणारी फॉस्फेटची तयार बाटली त्याहून सोपी वाटते, पण किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्याच्या रक्तात त्याने फॉस्फरस चढतो, कॅल्शियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता की २४ तासांत एकच मात्रा, दुसरी नाही. आपल्याकडे? "नाही झालं का? मग अजून एक लाव."

तापीकाठ

सिस्टरने घाबरवूनच टाकलं. गांधीजी एनिमा मानायचे, मातीच्या पट्ट्याही मानायचे. १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार सुरू केला तो काय माणसं मारायला? मी वीस वर्षं घेतोय, पद्धत तेवढी पाळावी लागते. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी, कारण मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण डावीकडे आहे आणि पाणी आपल्या वजनानेच जातं. डबा अंथरुणापासून फूट-दीड फूट वर. लोक दाराच्या कडीला टांगतात, मग पाणी धबधब्यासारखं शिरतं, कळ येते आणि बोल लागतो एनिमाला. पाण्यात कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या अंघोळीला चालेल इतकंच ऊन. नळीतली हवा आधी काढायची, तोटीला खोबरेल, पाणी हळूहळू. कळ आली की नळी चिमटीत धरायची आणि तोंडाने श्वास घ्यायचा. एवढं केलं तर काही होत नाही. उलट आतड्यात वर्षानुवर्षांचा मळ चिकटून असतो तो यानेच निघतो, चूर्णाने नाही.

सिस्टर, भुसावळ

पद्धत आमच्या नर्सिंग कॉलेजात शिकवतात तशी लिहिलीत. शेवटचं वाक्य खोडा. आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात, मळ वर्षानुवर्षं चिकटणार कशाला? दुर्बिणीने आतडं तपासताना भिंत ओली, गुलाबी दिसते.

तापीकाठ

दुर्बीण घालायच्या आधी जुलाबाचं औषध देऊन सगळं तुम्हीच धुऊन काढता ना? मग गुलाबी दिसेल नाहीतर काय!

सिस्टर, भुसावळ

हा मुद्दा तुमचा. पण औषध दिल्यावर निघतं ते चार दिवसांपूर्वीचं वांग्याचं भरीत असतं भाऊ, शाळेत असतानाचं नाही.

वैद्य, पारोळा

वरच्या कोणी बस्ती हा आयुर्वेदातला शब्द वापरला नाही याबद्दल आभार. रोज एक तरी रुग्ण येऊन सांगतो, "आम्ही घरीच बस्ती घेतो." घरी घेता तो एनिमा. बस्तीला हे नाव पडलं कारण पूर्वी त्यासाठी जनावराचं मूत्राशय पिशवीसारखं वापरत, आणि तिच्यात काय भरायचं हे रोग, माणूस आणि ऋतू बघून ठरतं. बस्तीचे मुख्य प्रकार दोन. निरूहात काढा, मध, सैंधव, तेल; तो उपाशीपोटी. अनुवासनात तेल, ते जेवणानंतर. काही जण बस्तीला अर्धी चिकित्सा म्हणतात असं चरकात आहे. नुसत्या कोमट पाण्याला तो मान देऊ नका. सिस्टर वेगळ्या रस्त्याने आल्या, पण मुक्कामाला आम्ही एकाच ठिकाणी आहोत: घरी नको.

कपाशीवाली, शिरपूर

घरी नको, घरी नको. मग कुठे? आमच्या पाड्यावरून दवाखाना २२ किलोमीटर, त्यात सिस्टर आठवड्यातून तीन दिवस. कापूस वेचायला आम्ही पहाटे निघतो. सकाळी झालं तर झालं, नाहीतर दिवसभर वावरात आडोसा नाही, गडीमाणसं आजूबाजूला. दाबून धरायचं. चार दिवस दाबून धरलं की खडे होतात, आणि ते खडे काय असतात ते बाईलाच विचारा. माझ्या मायने मला एनिमा दिला तेव्हा मी आठव्या महिन्याची गरोदर होते. चुकीचं असेल, पण त्या रात्री मी झोपले. तुमचं सगळं खरं आहे, फक्त ते संडास घरात असलेल्यांचं खरं आहे.

सिस्टर, भुसावळ

ताई, आठव्या महिन्यात घरी नको होता, कळा सुरू झाल्या असत्या तर २२ किलोमीटर कोण धावलं असतं? बाकी तुमच्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या का तेव्हा? लोहाने शौच काळं आणि घट्ट होतं, आम्ही गोळ्या देतो आणि हे सांगायचं विसरतो.

केळीवाला, रावेर

एक पिकलेलं केळ खा अन् मोकळे व्हा, मंडळी. (कच्चं खाऊ नका, उलटं होईल. माल माझा, म्हणून सांगतो.) कळण्याची भाकरी सोडून पाव-बिस्कीट सुरू केलं तेव्हापासून घरोघरी हा विषय आहे.

अमळनेरकर

भाऊ, भाकरीने होतं, पण भाकरीबरोबर पाणी नसेल तर कोंड्याचासुद्धा गोळाच होतो. इसबगोल कोरडं घेणाऱ्यांचंही तेच. सूनताई, डबा ठेवायचा की टाकायचा हे नंतर. आप्पांना दर तिसऱ्या दिवशी एनिमा का लागतो हे कोणी बघितलंय का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? बीपीच्या काही गोळ्यांनी होतं, खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाने होतं, थायरॉइड मंदावल्याने होतं. आणि पाणी किती पितात?

वाड्यातली सून (यावल तालुका)

बारा दिवसांनी लिहितेय. गोळी एकच, बीपीची. डॉक्टरांना दाखवली, तिने नाही म्हणाले. थायरॉइडची तपासणी ठीक आली. राहिलं पाणी. मी मोजायला बसले. सकाळी एक तांब्या, जेवताना एक, आणि दुपारी चारनंतर शून्य. मे महिन्यात, आमच्या यावलमध्ये, जिथे पारा पंचेचाळीसवर जातो.

विचारलं तर आधी बोलेनात. मग सांगितलं. संडास वाड्याच्या मागे, गोठ्याच्या पलीकडे, तीन पायऱ्या उतरून. मागच्या पावसाळ्यात रात्री तिथे घसरले होते, कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून रात्री उठावं लागू नये म्हणून चारनंतर पाणी बंद. घरात आम्ही सात माणसं, पैकी डबा धुवायला दोघं तयार, पण हा प्रश्न एकालाही सुचला नाही. "मले कोनं इचारलं?" म्हणाले.

पडवीत खुर्चीचा कमोड ठेवलाय, पायाखाली लाकडी पाट, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं. पहिले दोन दिवस रागाने त्याच्यावर धोतर वाळत घातलं. आता बसतात. नऊ दिवसांत डबा एकदाच उतरला, तोही साध्या पाण्याने आणि तापीकाठभाऊंच्या उंचीवर. सिस्टर रागावतील. पण जावेला मी फोनवर सांगितलंय, डबा भंगारात जाणार नाही.

हो, तिचं बाळ. अंगावर पिणारं बाळ आठवडाभर न जाता राहू शकतं, खेळतंय आणि पितंय तर देठ-साबण काही नको, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी त्याचं त्यालाच झालं. सासूबाईंच्या आखाजीच्या नव्या पातळावर.

तापीकाठ

उत्तम. ताई, रबरी नळी कुठून आणता तेवढं सांगा. आमच्याकडे मेडिकलवाले प्लॅस्टिकचीच देतात, ती दुमडली की पाणी अडतं.