देवावर सोडून वाट बघणं ही श्रद्धा की नुसता वेळ घालवणं?

पोफळीवाली:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात साचलंय ते लिहिते, जरा लांबेल. परवा एका नातेवाईकांकडे बारशाला गेलो होतो, जेवणं झाल्यावर खाणीचा विषय निघाला आणि एकाने सगळ्यांसमोर आमच्या आबांना (माझे सासरे) सुनावलं, "तुम्ही देवाच्या भरवशावर बसलात म्हणून ट्रक कुजला." आबा काही बोलले नाहीत, पानाला चुना लावत राहिले. मला मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, तेव्हा खाणीतलं खनिज वाहायला आमचा ट्रक घेऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, बँकेचा हप्ता चालू, घरात माझी मुलगी आठ महिन्यांची. सगळे म्हणायचे दोन महिन्यांत सुरू होईल. मग चतुर्थी गेली, दिवाळी गेली, शिगमा गेला. ट्रक विकायचा की ठेवायचा यावर घरात रोज भांडण. शेवटी सासूबाईंनी सातेरीला प्रसाद लावला, म्हणजे बाहेरच्यांना माहीत नसेल तर सांगते, ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला चिकटवतात आणि प्रश्न विचारतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नको. विकू का विचारलं, डावी पडली. आबा म्हणाले झालं, थांबूया.

आता लोकांना वाटतं थांबले म्हणजे खाटल्यावर पडून राहिले. मी त्या घरात होते, मी पाहिलंय. दर सोमवारी सकाळी आंघोळ करून आबा फणसाखाली लावलेल्या ट्रककडे जायचे, बॉडीतला पाला काढायचे, डॅशबोर्डवर अगरबत्ती लावायचे, बॅटरीची वायर जोडायचे आणि पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, मग थोडं पुढे घेऊन परत मागे, टायर एकाच जागी बसू नये म्हणून. एकदा केबिनमध्ये कोंबडीने अंडी घातलेली तर पिल्लं बाहेर येईपर्यंत तो दरवाजा उघडला नाही, पलीकडच्या दरवाज्याने चढायचे. आणि त्याच २०१३ च्या पावसात, वय अठ्ठावन्न, मागच्या पडीक जागेत साठ पोफळी लावल्या. पोफळ आज लावली की सुपारी सहा-सात वर्षांनी हे त्यांना माहीत नव्हतं का? ट्रकवर डोळे लावून बसलेला माणूस सात वर्षांनंतरचं झाड लावतो का?

२०१५ ला खाणी सुरू झाल्या, ट्रिपा मिळाल्या, पण पूर्वीच्या निम्म्याही नाहीत. मग ७ फेब्रुवारी २०१८, कोर्टाने खाणींची ८८ लीजं (खाणपट्टे) रद्द केली आणि मार्चच्या मध्यावर परत सगळं बंद. २०१९ ला ट्रक विकला, पडेल त्या भावात. हो, नुकसान झालं, मी नाकारत नाही. पण माझं मत असं की आबांचा विश्वास चुकला नाही आणि त्यांना कोणी आळशी म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा.

साखळीकर:
ताई, स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहितो, आबांबद्दल मला आदरच आहे. माझ्या बाबांचाही ट्रक होता. आमच्याकडेही देवाला विचारलं, आमच्याकडेही थांब म्हणून उत्तर आलं. फरक एवढाच की आमच्याकडे मागे जागा नव्हती पोफळी लावायला. बाबा थांबले. हप्ते थकले, आईच्या पाटल्या गेल्या, मग मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकी सगळं गेलं, आणि कोणी काही विचारलं की बाबांचं एकच, देव बघून घेईल. २०१६ ला बीपीने गेले. शेवटच्या आठवड्यात सुद्धा मला विचारत होते ट्रक स्टार्ट करून बघितलास का रे म्हणून.

माझं भांडण देवाशी नाही, ह्या "धीर धर" म्हणण्याशी आहे. एकदा देवाचं नाव घेतलं की घरातल्या कोणाला हिशेब विचारता येत नाही. मी बारावीत होतो, कागदावर मांडून दाखवलं होतं की आत्ता विकला तर कर्ज फिटून वर थोडे उरतात, तर मलाच नास्तिक ठरवलं. ओली पाकळी आहे ती, सुकली की पडणार, कुठलीतरी आधी पडणारच.

आणि आपल्या पूर्वजांनी तरी असं केलं का? सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा लोक वाट बघत बसले नाहीत, देव उचलले आणि होडीत घालून नदीपार नेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला तो काय आपोआप आला?

फोंड्याची मास्तरीण:
साखळीकर, तुझं वाचून गलबलून आलं, बाबांबद्दल काय बोलू. पण इतिहास काढलास तर पूर्ण काढ ना बाळा. देव नदीपार नेले हे अर्धं झालं. नार्वे तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, तिथे देव ठेवला, आणि मग काय? शिवाजी महाराजांनी देऊळ नव्याने बांधून घेतलं ते १६६८ ला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं! ज्यांनी होडी वल्हवली त्यांच्यापैकी एकानेही ते देऊळ पाहिलं नाही, त्यांच्या मुलांनीही नाही. मधल्या त्या वर्षांत कोणीतरी रोज दिवा लावलाच ना, कोणाला ठाऊक होतं कोणी राजा येईल म्हणून? आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात तर अर्धी दैवतं अशीच आलेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. मी लहानपणापासून म्हार्दोळच्या देवळात जाते, तिथल्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आजी सांगायची की देवी सुद्धा परक्या गावात राहिली. आता वेर्ण्याला जुन्या जागी परत देऊळ उभं राहिलंय, मी गेले होते बघायला, आजीसाठी एक नारळ जास्त ठेवला.

उचलायचं तेव्हा उचललं आणि मग थांबले, दोन्ही केलं. तू एकच धरतोस.

साखळीकर:
मॅडम, ते समाजाचं थांबणं होतं. शंभर वर्षं समाज थांबू शकतो, एक मेला की दुसरा दिवा लावतो. माझ्या बाबांकडे एकच आयुष्य होतं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. पिढ्यांच्या धीराचा दाखला एका माणसाला देऊ नका, त्याने तो वाकतो.

पेडण्याहून:
साखळीकरांशी सहमत. माझ्या मावशीच्या छातीत गाठ आली, नवस बोलली आणि सहा महिने कोणाला दाखवलं नाही. देवावर विश्वास ठेव म्हणणाऱ्या शेजारणी नंतर केमोला सोबत आल्या नाहीत. एवढंच.

पोफळीवाली:
पेडण्याच्या ताई, ह्यात माझा वाद नाही. आजारात थांबणं ही श्रद्धा नाहीच, आमच्या सासूबाई सुद्धा आधी डॉक्टर आणि मग अंगारा लावणाऱ्या. मावशी कशा आहेत आता?

पेडण्याहून:
बऱ्या आहेत. केस परत आले. पण मी अजून त्या शेजारणींशी बोलत नाही.

म्हापशाचा शेजारी:
मी ख्रिश्चन, पण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि लिहायला मराठीच बरं पडतं, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे ह्यावर पाद्री नेहमी बायबलमधल्या आब्राहमची गोष्ट सांगतात. देवाने त्याला संततीचं वचन दिलं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा, मुलगा इसहाक झाला तेव्हा शंभरचा, मध्ये पंचवीस वर्षं. पण लोक एक विसरतात, मधल्या काळात त्याला आणि त्याची बायको सारेला धीर धरवला नाही, तिने आपली दासी हागार त्याला दिली, तिला मुलगा झाला, आणि पुढे त्या बाईला आणि पोराला वाळवंटात हाकलून दिलं. म्हणजे श्रद्धेचा बाप म्हणवतो त्यालाही जमलं नाही नीट थांबायला, आणि त्याचा त्रास झाला भलत्याच बाईला. मला ही गोष्ट म्हणूनच खरी वाटते. साखळीकर बाब, तुमच्याकडे जे झालं त्यात थांबले बाबा आणि किंमत दिली आईने, तिला कोणी विचारलं होतं का? मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे, विकायचा की ठेवायचा हा नंतर.

माझ्या घरी बायकोने मूल व्हावं म्हणून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं होतं नऊ दिवसांनी काय होणार. काही झालं नाही. अशा किती झाल्या मी मोजल्या नाहीत. पण त्या नऊ दिवसांत ती संध्याकाळी रडायची नाही, एवढं मी शपथेवर सांगतो, आणि सातव्या वर्षी आम्ही मुलगी दत्तक घेतली. हे उत्तर की आम्ही थकून काढलेला मार्ग, मला ठरवता येत नाही.

खाजनकर:
मला वाद जमत नाही, शेताचं सांगतो. आमची खाजन शेती, एका बाजूला नदी, भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध आणि बांधाला मानस, म्हणजे लाकडी झडप, भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. आता उन्हाळ्यात ती जमीन बघाल तर वर मीठ फुललेलं. मिरगाचा पहिला पाऊस पडला म्हणून लगेच कोणी पेरत नाही, दोन-चार पाऊस जमिनीवरून वाहून जावे लागतात, मीठ धुतलं जावं लागतं, मग कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणारं भात, पेरायचं. त्या दिवसांत बाजूच्या गावात लोक पेरून मोकळे आणि आम्ही आभाळाकडे बघतोय, जीव खालीवर होतो. बाप मूठभर माती जिभेला लावून थुंकायचा आणि म्हणायचा, अजून नाही.

पण तेवढ्या दिवसांत कोणी घरी नसतो, सगळा गाव बांधावर. खेकडे बांधाला बिळं पाडतात, एक बीळ राहिलं तर भरतीच्या रात्री आख्खा बांध जातो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं शेत खारं. पाऊस देवाचा, बीळ आपलं. साखळीकर, तुमच्या बाबांना बीळ दिसत होतं पण बुजवायला हातात चिखल नव्हता, मला असं वाटतं. माणूस वाईट नव्हता.

साखळीकर:
वाईट नव्हतेच काका. वाईट असते तर राग सोपा झाला असता.

पोफळीवाली:
साखळीकर दादा, तुम्ही लिहिलेलं मी रात्री आबांना वाचून दाखवलं, सगळं. पाटल्यांचं आलं तिथे त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

मी एक गोष्ट वर लिहिली नव्हती कारण ती त्यांची खाजगी होती, पण आता तेच म्हणाले लिही. पाकळी पडल्यानंतरच्या वर्षी एक रात्र मी मुलीसाठी दूध गरम करायला उठले तर आबा देवघरापुढे उभे, आणि गाऱ्हाणं घालत होते. देवळात गुरव घालतो तसं ठेक्यात नाही, भांडल्यासारखं. "माये, तू म्हटलंस नको, मी ऐकलं. आता बँकेचा माणूस परवा दारात येतोय. मी त्याला काय सांगू ते तू सांग. नातीच्या तोंडचं काढून हप्ता भरू काय? तू बोल. मी इथून हलत नाही." आणि खरंच हलले नाहीत, पहाटे मी परत आले तर तिथेच पाटावर बसलेले. सकाळी उठून चहा पण न घेता बँकेत गेले, मॅनेजरसमोर बसून हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली. जन्मात कधी कोणापुढे हात न पसरलेला माणूस.

मला वाटायचं विश्वास म्हणजे गप्प राहणं. माहेरी तसंच शिकवलेलं, देवाला उलट बोलू नये. पण इथे गावात तर गाऱ्हाण्याशिवाय काही होतच नाही, देवापुढे उभं राहून अडचण नावागावासकट सांगायची, आणि सगळ्यांनी मिळून व्हय म्हाराजा म्हणायचं. म्हणजे देवाला सांगताना घरालाही कळतं, गावालाही कळतं. तुमच्याकडे बाबांनी ते एकट्याने आत ठेवलं असेल का? मी दोष देत नाही हो, विचारते फक्त. तुमच्या कागदाचं मात्र मला मनापासून वाटतं, तो कागद देवापुढे ठेवायला हवा होता, तोही गाऱ्हाण्याचाच भाग होता. आमच्याकडे बारावीतलं कोणी नव्हतं मांडून दाखवायला, असतं तर कदाचित २०१३ लाच विकला असता आणि देवी रागावली नसती.

पाकळीबद्दल तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. मी स्वतः अजूनही प्रसाद लावायला जाते. दोन्ही खरं आहे, मला ते जुळवता येत नाही.

साखळीकर:
हो. एकट्यानेच आत ठेवलं. आईला कर्जाचा खरा आकडा बाराव्याला कळला.

मी आज आईला विचारलं, तुला राग आहे का बाबांचा. म्हणाली राग कसला, पण मला विचारलं असतं तर मी पाटल्या स्वतःहून काढून दिल्या असत्या, विकून आल्यावर सांगायला नको होतं. एवढं बोलली आणि भाजी चिरायला गेली. आम्ही दोघं ह्या विषयावर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोललो.

देव बघून घेईल हे वाक्य मला अजूनही ऐकवत नाही, ते बदलणार नाही बहुतेक. आबांना नमस्कार सांगा.

पोफळीवाली:
सांगितला. आबा म्हणतात सुपारीची रोपं पिशवीत तयार आहेत, पंचवीसेक, पाऊस लागायच्या आत येऊन घेऊन जा, पैसे नकोत. मी म्हटलं त्यांच्याकडे जागा नाही असं लिहिलंय, तर म्हणाले, ट्रक कुठे लावत होते मग?

साखळीकर:
घराच्या डाव्या बाजूला. ती जागा अजून तशीच आहे, चाकांचे खड्डे पण दिसतात. पण पंचवीस नाही मावणार, सात-आठ होतील फार तर. किती अंतरावर लावायची?

पोफळीवाली:
नऊ फूट, म्हणताहेत. आणि पहिली दोन-तीन वर्षं ऊन सोसत नाही, मध्ये मध्ये केळ लावा. केळीचे पिलके पण देतील, टेम्पो घेऊन या.